जुन्या तांब्याच्या भांड्याची किंमत ठरवताना या चुका टाळा

मे महिन्यात आणि गणपतीच्या सुमारास चाकरमानी गावी आले की कोकणातल्या बंद घरांचे माळे उघडतात आणि वर्षानुवर्षे पालथी पडलेली सतेली, टोप, हंडे, घंगाळी अंगणात येतात. त्यांतली काही मोडीत जातात आणि काही ओळखीच्या माणसाला दिली जातात. अशा वेळी घेणाऱ्याची पहिली चूक म्हणजे भांडे तराजूवर चढण्याआधीच तो मनात एक आकडा धरून बसतो आणि पुढची सगळी घासाघीस त्या आकड्याभोवती फिरते. तांब्याच्या भांड्याचा पाया मोडीचा भाव आहे. हा भाव सतत बदलत असल्याने त्याच दिवशी, निदान दोन दुकानांत विचारून घ्यावा. विकणाऱ्यालाही तो मोकळेपणाने सांगावा, कारण कोणाच्या आजीच्या संसारातले भांडे मोडीपेक्षा कमी भावाने उचलणे मला योग्य वाटत नाही.

वजन करतानाही एक गफलत होते. कड्या पितळेच्या असतात, बंबाला पितळी तोटी आणि लोखंडी जाळी असते, आणि समुद्राजवळच्या विहिरीचे पाणी तापवलेल्या भांड्यात आतून क्षारांचे जाड पुट बसलेले असते. पितळेचा भाव तांब्यापेक्षा कमी आणि लोखंडाचा तर फारच कमी असल्याने, जे सुटे होते ते काढून आणि जे निघत नाही त्याची अंदाजाने वजावट करूनच तांब्याचे निव्वळ वजन धरावे. भांड्याला लोहचुंबकही लावून पाहावा, कारण तांब्याचा मुलामा दिलेले लोखंड त्याने लगेच उघडे पडते. मात्र काही जातींच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही. म्हणून आतून स्टील आणि बाहेरून तांब्याचा पातळ थर असलेल्या नव्या हंड्यांचे काठ नीट पाहावेत आणि त्यांना तांब्याचा भाव लावू नये.

सगळ्यांत दुर्लक्षित राहते ती पत्र्याची जाडी, आणि स्वयंपाकाच्या भांड्याची खरी योग्यता तिच्यातच असते. तांब्याचा 1 मिलिमीटर जाडीचा पत्रा दर 1000 चौरस सेंटिमीटरला सुमारे 900 ग्रॅम भरतो. 24 सेंटिमीटर व्यासाच्या आणि 14 सेंटिमीटर उंचीच्या सरळ बाजूंच्या टोपाचे बूड आणि बाजू मिळून क्षेत्रफळ सुमारे 1500 चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे असा टोप 1 मिलिमीटर जाड असेल तर साधारण 1 किलो 350 ग्रॅम भरेल आणि 2 मिलिमीटर असेल तर 2 किलो 700 ग्रॅम. तोच टोप 900 ग्रॅमच भरला, तर पत्रा पाऊण मिलिमीटरपेक्षाही पातळ आहे. तो शोभेला ठीक, पण चुलीवर त्यात खीर किंवा भात लागणार, आणि पोचेही लवकर पडणार. पातळ भांड्याला मोडीपेक्षा फार वर जाऊ नये.

लखलखाटाचे वेगळे पैसे देऊ नयेत. चिंच, आमसूल किंवा बिंबली मिठाबरोबर घासली की कोणतेही काळे पडलेले तांबे घटकेत उजळते. घासूनही न जाणारे खड्डे मात्र महत्त्वाचे आहेत. खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाळी दमटपणात पडून राहिलेल्या भांड्यावर फिकट हिरव्या भुकटीसारखा जंगाल धरतो, आणि पुसूनही तो त्याच जागी पुन्हा येत असेल तर धातू तिथे पोखरला जात आहे असे समजावे. भांडे उन्हाकडे धरून आतून पाहिल्यास सुईएवढे छिद्रही दिसते. त्यानंतर ते पाण्याने भरून कोरड्या कागदावर अर्धा तास ठेवावे.

कल्हईबाबत, म्हणजे भांड्याला आतून दिलेल्या कथलाच्या थराबाबत, दोन उलट चुका होतात. आमसुलाची कढी किंवा चिंचेची आमटी बिनकल्हईच्या भांड्यात कळकते, त्यामुळे आतून तांबूस रंग दिसू लागला असेल तर कल्हईचा खर्च किमतीतून वजा करायलाच हवा. पण नुसत्या पाण्याच्या हंड्याला किंवा बंबाला कल्हई लागत नाही आणि तिथे ती वजावट मागणे अन्यायाचे आहे. आणखी एक चूक ताज्या कल्हईवर विसंबण्याची. मी स्वतः असा एक टोप घेतला, आणि चार महिन्यांत बुडाच्या सांध्यातून पाणी झिरपू लागले, कारण नव्या कल्हईखाली राखाडी, मऊ डाख, म्हणजे सांधा जोडायला वितळवून लावलेला धातू, झाकला गेला होता. अशा डाखात शिसे असू शकते, म्हणून तो अन्नाच्या भांड्यात नकोच. दातेरी सांध्यातून पिवळी रेघ दिसत असेल तर तो पितळेने जोडलेला जुना, भक्कम सांधा असतो. सांधा नेहमी बाहेरून पाहावा, कारण तिथे कल्हई नसते.

भांड्यावर ठिपक्यांनी कोरलेले साल वाचतानाही घाई नको. 1885 दिसले म्हणून भांडे शंभराहून अधिक वर्षांचे ठरत नाही. ते शके असेल तर इसवी सन 1963 येते. शिवाय ते लग्नात भेट देतानाचे साल असू शकते, घडणीचे नव्हे.

हिशेब असा मांडावा. समजा, मोडीचा भाव किलोला 700 रुपये आहे, तशाच जाडीचे नवे भांडे किलोला 1200 रुपयांनी मिळते आणि कल्हईला 400 रुपये पडतील. वरचा 2 किलो 700 ग्रॅमचा टोप मोडीत 1890 रुपयांचा होतो, नवा 3240 रुपयांना पडतो आणि कल्हई वजा जाता 2840 उरतात. सौदा 1890 आणि 2840 या दोन आकड्यांमध्ये व्हावा. सांधा आणि बूड निर्दोष असेल तर वरच्या आकड्याकडे, एखादा पोचा किंवा सैल कडी असेल तर मध्यावर. सगळा ढीग उक्ता घ्या असे कोणी म्हटले, तरी तांबे आणि पितळ यांचे वेगवेगळे वजन झाल्याशिवाय आकडा सांगू नये.