सॉफ्टबॉल स्पर्धेत बरोबरी सोडवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या शालेय स्पर्धांमध्ये एका गटात सहसा चारच संघ असतात, आणि चार संघांच्या साखळीत तीन संघांचे प्रत्येकी दोन विजय होणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी कोण पुढे जाणार हे मैदानावर नव्हे, तर स्कोअररच्या टेबलावर ठरते. तिथे झालेली चूक मुलांना दिसत नाही. त्यांना एवढेच कळते की आपण दोन सामने जिंकूनही घरी चाललो आहोत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बरोबरी झाल्यानंतर नियम शोधत बसणे. त्या क्षणी सुचवलेला कोणताही निकष कोणत्या ना कोणत्या संघाच्या सोयीचा असतोच, मग सुचवणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असो. म्हणून निकषांचा क्रम पहिला चेंडू पडण्याआधी छापून प्रत्येक संघाच्या शिक्षकांच्या हाती दिला पाहिजे, आणि आपल्या भागात तो मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत दिला पाहिजे. कारण एकाच गटात दोन्ही माध्यमांच्या शाळा असतात, आणि तोंडी सांगितलेला नियम दोघांच्या कानांवर सारखाच पडेल याची खात्री नसते.

पहिला निकष आपापसांतील सामन्याचा असावा याबद्दल फारसा वाद नाही. दोनच संघ बरोबरीत असतील तर तो पुरतो. तीन संघांत मात्र पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला हरवलेले असते, तेव्हा तो निरुपयोगी ठरतो. इथे एक बारीक प्रश्न हमखास राहून जातो: पुढच्या निकषाने एक संघ वेगळा काढल्यावर उरलेल्या दोघांसाठी पुन्हा आपापसांतील सामना पाहायचा, की तोच निकष पुढे चालवायचा? दोन्ही पद्धती रूढ आहेत आणि दोन्हींनी दुसरे स्थान वेगवेगळ्या संघाला मिळू शकते. मला पहिली पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण मैदानावरचा निकाल आकड्यांपेक्षा वरचा मानला पाहिजे. पण कोणतीही निवडा, आधी लिहून ठेवा.

यानंतर बहुतेक ठिकाणी एकूण धावांचा फरक काढतात, आणि अन्यायाला खरी सुरुवात तिथून होते. सॉफ्टबॉलचा सामना सात डावांचा असला (एका डावात दोन्ही संघ आळीपाळीने तीन-तीन बाद होईपर्यंत फलंदाजी करतात) तरी प्रत्येक संघ सात डाव फलंदाजी करतोच असे नाही. नंतर फलंदाजी करणारा संघ सातव्या डावाच्या पूर्वार्धाअखेर आघाडीवर असेल तर तो सहाच डाव खेळतो. पाच डावांनंतर सात धावांची आघाडी असेल तर सामना तिथेच थांबवण्याचा नियम असतो. आणि पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे सामना ठेवला तर आभाळच डाव ठरवते. म्हणजे जो संघ लवकर आणि चांगला जिंकला, त्यालाच धावा करण्याची संधी कमी मिळते. यावरचा उपाय आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वापरला जातो: केलेल्या धावांना फलंदाजीच्या डावांनी भागायचे, दिलेल्या धावांना क्षेत्ररक्षणाच्या डावांनी भागायचे, आणि पहिल्या सरासरीतून दुसरी वजा करायची.

हा भागाकार करताना होणारी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. मुलींच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत एका संघाने सातव्या डावात दोन बाद असताना विजयी धाव घेतली. स्कोअरबुकात त्या सामन्यातील त्यांचे डाव ६.२ असे लिहिले गेले, म्हणजे सहा डाव आणि दोन बाद. दुसऱ्या सामन्यातील सात मिळवून मी १३.२ ने भागले. धावा ९ होत्या; उत्तर आले ०.६८२. प्रतिस्पर्धी संघाचा एक सामना पाच डावांत आटोपल्याने त्याच्या १२ डावांत ८ धावा होत्या, म्हणजे ०.६६७. दिलेल्या धावांची सरासरी दोघांची सारखीच होती. मी पहिल्या संघाचे नाव फळ्यावर लिहिले.

दुसऱ्या संघाची कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे चेंडू झेलणारी मुलगी, वही पाहायला मागत आली. तिने बोटाने एकेक बाद मोजला आणि म्हणाली, ‘सर, हे एक्केचाळीस बाद आहेत. तीनानं भागलं तर तेरा आणि दोन तृतीयांश येतात.’ तिचे बरोबर होते. ६.२ मधला २ हा दशांश नाही, तो तिसऱ्या हिश्शांचा आकडा आहे. ९ भागिले १३ पूर्णांक २/३ म्हणजे ०.६५९, म्हणजे पुढे जायला हवा होता तिचा संघ. तोवर उपांत्य सामन्याचा दुसरा डाव सुरू झाला होता आणि निकाल फिरवता आला नाही. तेव्हापासून मी डाव मोजतच नाही. बाद मोजतो, धावांना तीनाने गुणतो आणि एकूण बादांनी भागतो.

सरासरी काढूनही एक दोष उरतो. एखादी शाळा पहिल्याच वर्षी संघ उतरवते, तिच्यावर कोणी २१ धावा चढवतो, आणि ज्याचा सामना तिच्याशी शेवटी असतो त्याला किती धावा लागणार हे नेमके ठाऊक असते. नव्याने खेळू लागलेल्या मुलांना असे तुडवणे नियमाने फायद्याचे ठरवू नये. म्हणून सरासरीत फक्त बरोबरीतल्या संघांचे आपापसांतले सामने धरावेत. ते जमणार नसेल, आणि एकूण फरकच मोजायचा असेल, तर एका सामन्यातला फरक सातपेक्षा जास्त धरू नये. बहाल केलेल्या सामन्याचा निकाल ७-० असा नोंदवतात. प्रतिस्पर्ध्यांची बस वाटेत बंद पडल्याने मिळालेल्या त्या सात धावाही सरासरीत मिसळू नयेत.

सात डावांनंतर सामनाच बरोबरीत असेल तर आठव्या डावापासून दुसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरच्या दुसऱ्या टप्प्यावर, धावपटू ठेवून सुरुवात करतात. हा धावपटू सर्वांत वेगवान खेळाडू नसतो; त्या डावात ज्या खेळाडूची पाळी सर्वांत शेवटी येणार, तोच. पाचव्या क्रमांकाची बॅटर सुरुवात करत असेल तर चौथ्या क्रमांकाची मुलगी बेसवर उभी राहते. अंपायर आणि स्कोअररने हे प्रत्येक अर्ध्या डावाआधी पडताळावे. या डावांतल्या धावांनी सामन्याचा निकाल लागावा, पण गटाच्या सरासरीत त्या धरू नयेत असे माझे मत आहे, कारण तो धावपटू कोणी मेहनतीने बेसवर पोहोचवलेला नसतो.

नाणेफेक अगदी शेवटी यावी, आणि ती दोन्ही कर्णधारांसमोर, मैदानावर व्हावी.

अंतिम क्रमवारी लावताना नुसती नावे लावू नका. धावा, बाद आणि भागाकार हे सगळे कागदावर मांडून तो कागद उपांत्य सामन्याच्या किमान अर्धा तास आधी दोन्ही भाषांत लावा, शेजारी स्कोअरबुक उघडे ठेवा, आणि हरकत घ्यायला शिक्षकांबरोबर खेळाडूंनाही येऊ द्या.