बायकांच्या कॅन्सरचे आकडे वाचताना या चुका टाळा

परवा महिला मंडळाच्या ग्रुपवर परत तसलाच फोटो आला. भारताचा नकाशा, काही राज्यं लाल, काही हिरवी, वर मोठ्या अक्षरांत "तुमच्या राज्यात कॅन्सरने किती बायका जातात बघा" आणि खाली आमच्या बायकांच्या रडक्या इमोजींची रांग. वर्ष दिलेलं नाही, वयाचा उल्लेख नाही, हे नवीन पेशंट आहेत की मृत्यू तेही नाही. मी गोव्यात हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये १९ वर्षं काढलीत, मृत्यूचे फॉर्म, बायोप्सीचे रिपोर्ट, फायलींचे गठ्ठे हेच माझं रोजचं काम, आणि प्रोजेक्टवाल्या मुलींपासून पेपरवाल्यांपर्यंत सगळे त्याच त्या चुका करतात ते बघून आता खरंच जीव कंटाळलाय. म्हणून एकदा बसून लिहूनच काढते.

हॉस्पिटल जिथलं, बाईही तिथलीच धरणं

ही चूक माझ्या डोक्यात जाते. काही वर्षांपूर्वी कॉलेजची एक मुलगी आली होती, हुशार होती पण भयंकर घाईची. उत्तर गोव्यातल्या एका मंडळाच्या हळदीकुंकवाला तिला तालुक्याप्रमाणे बायकांच्या कॅन्सर मृत्यूंचा चार्ट लावायचा होता. तिने नोंदणीचे आकडे मिळवले, एक्सेलमध्ये टाकले, प्रत्येक तालुक्याच्या बायकांच्या संख्येने भागले, रंग भरले, दोन दिवसांत काम संपवलं. मी म्हटलं थांब गो, पत्ते तपासूया, तर म्हणाली मॅडम वेळ नाही, प्रिंटला द्यायचंय.

चार्टमध्ये तिसवाडी लालभडक. सत्तरी, सांगे, काणकोण मस्त हिरवे.

आता तिसवाडी लाल का, तर बांबोळी तिसवाडीत येते आणि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे. आपल्याकडे १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जिथे माणूस गेला तिथे होते, तो राहायला कुठे होता तिथे नाही. वाळपईची बाई, काणकोणची बाई, दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडची, तिकडून कारवारची, सगळ्या उपचाराला इथे येतात आणि त्यातल्या काही इथेच जातात, आणि त्या सगळ्या गेल्या तिसवाडीच्या खात्यात. भागायला मात्र घेतल्या तिसवाडीत राहणाऱ्या बायका. म्हणजे वर दोडामार्गची बाई आणि खाली तिसवाडीतल्या ताळगावची, असला भागाकार.

त्या कार्यक्रमानंतर ताळगावच्या दोघीजणी माझ्याकडे आल्या. एक फ्लॅट विकायचं बोलत होती, दुसरीला वाटलं हे मोबाईल टॉवरमुळे. त्यांची समजूत काढता आली. पण चहाच्या वेळी सत्तरीतली एक मावशी शेजारी बसून म्हणाली, "आमच्याकडे नाही गो एवढं, आमचा तालुका हिरवा आहे." मी नुसती मान हलवली. तिच्या स्तनात तेव्हाच गाठ होती आणि ती कुणाला बोलली नव्हती, हे मला कितीतरी महिन्यांनी तिची फाईल हातात आली तेव्हा कळलं. तेव्हापासून घाईघाईत रंगवलेला नकाशा दिसला की माझा आवाज चढतो, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागत नाही.

माझी सवय सांगते. मी वहीत दोन रकाने आखते, "कुठली" आणि "कुठे गेली", आणि "कुठली" भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. कॅन्सर रजिस्ट्रीवाले, म्हणजे एखाद्या भागातल्या सगळ्या कॅन्सर पेशंटची नोंद ठेवणारे, पण हेच करतात, त्या भागात किमान वर्षभर राहिलेल्या बाईलाच त्या भागाची धरतात. हॉस्पिटलची यादी वेगळी आणि लोकसंख्येवर आधारलेली रजिस्ट्री वेगळी, हॉस्पिटलच्या यादीवरून तालुक्याचा दर निघत नाही, कितीही सॉफ्टवेअर वापरा.

कमी आकडा बघून खूश होणं

मृत्यूचं कारण डॉक्टरने लिहून दिलं तरच तो मृत्यू कॅन्सरचा म्हणून मोजला जाणार ना? २०२० च्या सरकारी अहवालात देशभरात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्क्यांना असं वैद्यकीय कारण लिहिलेलं होतं. गोव्यात १०० टक्के. काही मोठ्या राज्यांत दहाच्याही आत. मग त्या कागदांवरून राज्यं शेजारी शेजारी लावली तर गोवा वाईटच दिसणार, कारण गोवा लिहून ठेवतो. जिथे आजी घरात खंगून गेली आणि कागदावर "वार्धक्य" एवढंच आलं, तो जिल्हा हिरवा.

ही पोकळी भरायची तर घरोघरी जावं लागतं. २००१ ते २००३ मधल्या मृत्यूंसाठी देशभर ते केलं गेलं, शिकवून तयार केलेले लोक घरी जाऊन नातेवाइकांना विचारून आले, आजार किती दिवस होता, रक्त जात होतं का, गाठ होती का, आणि मग डॉक्टरांनी ते वाचून कारण ठरवलं. त्यावरचा शोधनिबंध २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. शहर-खेडं हा फरक आपण समजतो तेवढा मोठा निघालाच नाही, वयाचा फरक काढून टाकल्यावर खेड्यातल्या ३० ते ६९ वयाच्या बायकांत लाखामागे ९६.६ आणि शहरातल्या बायकांत ९१.२. "खेड्यात शुद्ध हवा, तिथे कॅन्सर कुठे" म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे फ्रिजवर चिकटवावेत. राज्याराज्यांत मात्र मोठा फरक निघाला, आणि याच वयाच्या बायकांच्या कॅन्सर मृत्यूंत पहिला नंबर स्तनाच्या कॅन्सरचा नव्हता, गर्भाशयमुखाचा होता, १७.१ टक्के. नंतर पोटाचा १४.१ आणि मग स्तनाचा १०.२.

"पिशवीचा कॅन्सर"

ही तिसरी चूक, आणि हिच्यात आपल्या भाषेचाही दोष आहे. आपल्याकडे बाई म्हणते पिशवीचा कॅन्सर, घरचे म्हणतात गर्भाशयाचा, पेपरात पण गर्भाशयाचा. पण गर्भाशयाचं मुख आणि गर्भाशयाचं शरीर यांचे कॅन्सर दोन वेगळे आजार आहेत. मुखाचा जवळजवळ सगळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याला लस आहे, आधी पकडायची टेस्ट आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा वेगळा, तो जास्त करून पाळी गेल्यावर होतो, वजन आणि हार्मोनशी त्याचा जास्त संबंध. आजार नोंदवायचे कोडपण वेगळे, मुखाला सी ५३, शरीराला सी ५४, आणि कुठला ते लिहिलंच नसेल तर सी ५५. हा सी ५५ म्हणजे कचऱ्याची टोपली. ज्या भागात फॉर्म निष्काळजीपणे भरले जातात तिथे मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू त्या टोपलीत जाऊन पडतात आणि कागदावर त्या भागात मुखाचा कॅन्सर "कमी" होतो.

एकदा डिचोलीकडची एक सून सासूबाईंच्या मृत्यूनंतरचे कागद न्यायला आली होती. फॉर्मवर नुसतं गर्भाशयाचा कॅन्सर. मी सहज विचारलं, बायोप्सी झालेली का? तिने पिशवीतून प्लॅस्टिकची फाईल काढली, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं, आणि सगळ्यात खाली घडी पडून पिवळा झालेला बायोप्सीचा कागद. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, गर्भाशयमुख. म्हणजे फॉर्म चुकीचा. दुरुस्तीसाठी कागद वर पाठवला तर एकजण म्हणाला, बाई गेली, आता काय फरक पडतो. फरक असा पडतो की तिची सून ३४ वर्षांची होती आणि तिने स्वतःची तपासणी कधीच केली नव्हती, "सासूबाईंना वयामुळे झालं" असं घरात ठरलेलं. कागदावर खरं नाव आलं तेव्हा ती स्वतः विचारायला लागली.

म्हणून मी फॉर्मवर विश्वास ठेवत नाही, आधी बायोप्सी शोधते. नाही मिळाली तर "माहीत नाही" असाच वेगळा ढीग करते, अंदाजाने कुठल्या रकान्यात ढकलत नाही. नवीन मुलांना हा ढीग बघवत नाही, त्यांना सगळं कुठेतरी बसवायचं असतं. बसवू नका.

वय विसरणं

दोन गावं धरा, मनानेच, प्रत्येकात एक लाख बायका. दोन्हीकडे पन्नाशीच्या आतल्या बायकांत लाखामागे २० मृत्यू आणि पन्नाशीवरच्यांत लाखामागे ३००. म्हणजे धोका अगदी सारखा. पहिल्या गावात २० हजार बायका पन्नाशीवरच्या, दुसऱ्यात ५० हजार. गुणाकार करा, पहिल्यात ७६ मृत्यू, दुसऱ्यात १६०. दुप्पटच्या वर, आणि दुसऱ्या गावाच्या पाण्यात काही नाही, तिथे म्हाताऱ्या बायका जास्त, एवढंच. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरचे ८.६ टक्के होते, गोव्यात ११.२. मग गोव्याचा कच्चा दर, म्हणजे वय न बघता नुसता भागाकार करून काढलेला, जास्त येणारच. वयानुसार सारखा केलेला दर दिलेला नसेल तर मी ती तुलना वाचतच नाही, पुढे ढकलते. हा गुणाकार प्रत्येक नवीन मुलीला मी कागदावर हाताने करायला लावते, एक्सेलमध्ये नाही. हाताने केला की लक्षात राहतो.

नवीन पेशंट आणि मृत्यू यांची खिचडी

२०२२ साठीच्या आंतरराष्ट्रीय अंदाजात भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या नवीन बायका १ लाख ९२ हजारांच्या आसपास आणि मृत्यू ९८ हजार. गर्भाशयमुखाच्या नवीन १ लाख २७ हजार आणि मृत्यू जवळजवळ ८० हजार. बघा, दुसरा आजार संख्येने लहान पण त्यात जाणाऱ्यांचं प्रमाण जास्त. आता कुणी "अमुक जिल्ह्यात कॅन्सर जास्त" म्हटलं की मी आधी विचारते, होतो जास्त की मरतात जास्त? २०१२ ते २०१६ च्या रजिस्ट्रीत बायकांमध्ये नवीन कॅन्सरचा सगळ्यात जास्त दर अरुणाचलच्या पापुम पारे जिल्ह्यात, लाखामागे २१९.८, आणि सगळ्यात कमी आपल्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव)-बीडमध्ये ४९.४. हे दोन्ही नवीन पेशंटचे आकडे आहेत, पण मी ते "मृत्यूदर" म्हणून छापलेले बघितलेत.

मृत्यूचं गणित पुढे सुरू होतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांपैकी पाच वर्षांनी किती जिवंत, याचा देशातल्या रजिस्ट्रींचा एकत्र आकडा ६६.४ टक्के आहे. मिझोराममध्ये ७४.९, आणि अरुणाचलच्या पासिघाटमध्ये ४१.९. दोन्ही ईशान्येतच, आजार तोच, पण एका ठिकाणी चारातल्या तीन जगतात आणि दुसऱ्या ठिकाणी निम्म्याही नाही. गाठ कळल्यावर किती दिवसांत पोचली, केमो मध्येच सोडली का, गाडीभाडं होतं का, घरी पोरांना कोण बघणार होतं, या फरकात अशा गोष्टी असतात, आणि कुठल्याच नकाशावर त्यांना रंग नसतो.

आणि हा फरक कमी करता येतो, हे याच उस्मानाबादमध्ये दिसलंय. १९९९ पासून तिथे ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, एका गटाची आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट केली, आणि आठ वर्षांत त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. एकदाच केलेली टेस्ट. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांत गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या किती, तर १.९ टक्के. स्तनाची ०.९. हे वाचून मला राग येतो, अजूनही येतो.

बाकीच्या पटापट

सगळे कॅन्सर एकत्र करून जिल्ह्यांना नंबर देऊ नका. ऐझॉलमध्ये बायकांना फुफ्फुसाचा जास्त, गंगेच्या काठच्या पट्ट्यात पित्ताशयाचा, हैदराबादेत स्तनाचा, प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

काणकोणसारख्या ४५ हजारांच्या तालुक्यात एका वर्षी ४ आणि पुढच्या वर्षी ८ मृत्यू झाले तर "दुप्पट" अशी बातमी करू नका. पाच वर्षं एकत्र करा, मग बोला.

मृत्यूचं कारण "हृदयक्रिया बंद पडणे" असं लिहिलेला फॉर्म मी परत पाठवते. शेवटी हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, ते कशामुळे, ते लिहा.

जुना नकाशा नवीन तारखेने फिरवू नका.

आणि घरच्यांना एक सांगायचंय, कारण काउंटरवर हे रोज होतं. बाई उपचारासाठी चार महिने पर्वरीला मुलीकडे राहिलेली असते, आणि शेवटच्या दिवशी, रात्रभर जागलेला मुलगा पत्ता विचारला की पर्वरीचाच सांगतो, कारण औषधांच्या चिठ्ठ्यांवर तोच असतो. मी पेन खाली ठेवते आणि परत विचारते, आईचं घर कुठलं, मतदान कुठे करायची, रेशनकार्ड कुठलं. तो थोडा वेळ बघत राहतो आणि मग सांगतो, सांगे. मी सांगे लिहिते. बायोप्सीचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा, बिलांच्या खाली नको.