दुपारी तीनच्या आत : होळी ते चैत्री वारी, सोलापूर जिल्ह्यासाठी कृषी सल्ला

होळी पेटली की सोलापूर जिल्ह्यात ज्वारीची सुगी, द्राक्षतोड, बेदाणा आणि कांदा एकदमच अंगावर येतात, आणि नेमकं याच दिवसांत आभाळ बिनभरवशाचं होतं. सकाळी लख्ख ऊन, दुपारी पारा ३८-४० अंशांवर, चारच्या सुमारास ढग, मग वावटळ, विजा, एखाद्या दिवशी गारा. तापलेल्या जमिनीवरची हवा रोजच वर उठत असते. तिला बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून आलेली ओल मिळाली, किंवा विदर्भापासून कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा पसरला, की दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. हवेत ओल असताना कडक ऊन हे पावसाचं इंधनच आहे. त्यामुळे ‘ऊन चांगलं पडलंय, आज काय पाऊस येतोय’ हा हिशोब या महिन्यात हमखास चुकतो.

म्हणून कामं घड्याळावर लावा. कापणी, खुडणी, तोडणी पहाटेपासून अकरापर्यंत. वाळवण आणि मळणी दुपारपर्यंत. तीन वाजता रानात फिरून बघायचं : कापलेलं, खुडलेलं, पसरलेलं काही उघड्यावर राहिलंय का? मजूर सहापर्यंत आहेत म्हणून चार वाजता नवीन सरी कापायला घेऊ नका. तेवढा वेळ झाकाझाकीला द्या.

मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी पाच दिवसांच्या अंदाजासह पीकसल्ला येतो. त्यावरून आठवड्याची कामं ठरवा. त्या दिवसाचा निर्णय मात्र हवामान खात्याच्या तीन तासांच्या तात्काळ इशाऱ्यावर घ्या, कारण हे ढग दोन-तीन तासांत तयार होऊन विरूनही जातात. अंदाजातल्या शब्दांना ठरलेला अर्थ असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या पाव भागात किंवा त्याहून कमी ठिकाणी. आपल्या शिवारात थेंब पडला नाही म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. शेजारच्या गावात त्याच संध्याकाळी पत्रे उडालेले असू शकतात. आणि ढग दाटलेले असताना उकाडा मोडून अचानक गार झुळूक आली, वारा फिरला, तर हातात दहा-पंधरा मिनिटंच आहेत असं धरा.

सगळ्या तालुक्यांत हा पाऊस सारखा वागत नाही. सांगोला, माळशिरसच्या हलक्या, मुरमाड रानात वीस मि.मी. पाऊस पडला तरी दुसऱ्या दिवशी वाफसा (कामाजोगी बेताची ओल) येतो. मंगळवेढा, पंढरपूरच्या भीमाकाठच्या भारी काळ्या रानात तेवढ्याच पावसानंतर ट्रॅक्टर, मळणी यंत्र चार-पाच दिवस आत नेता येत नाही. भारी रानातली ज्वारी म्हणूनच आधी बाहेर काढा. बैलगाडीची वाट तेवढी कोरडी आहे तोवर कणसं बांधाबाहेर आली पाहिजेत.

ज्वारीचं नुकसान दोन बाजूंनी होतं. पिकलेल्या कणसावर पाऊस पडला की दाण्यावर बुरशी धरते, दाणा काळपट होतो, आणि मालदांडी ज्वारीचा मोत्यासारखा रंग गेला की बाजारात भाव लगेच उतरतो. दुसरं म्हणजे कडबा. भिजलेला कडबा काळा पडतो, जनावर तोंड लावत नाही, आणि कडब्याच्या पैशावर सुगीचा खर्च निघणाऱ्यांचं गणित तिथंच बिघडतं. दाणा पक्का झाला असेल तर ‘आणखी चार दिवस उभी राहू दे’ म्हणू नका. दाण्याच्या टोकाशी काळा ठिपका दिसला की पीक तयार आहे. कणसं खुडून खळ्यावर ढीग घालताना खाली तुराट्या किंवा लाकडं टाका, भोवती वीतभर खोल चर काढा. ताडपत्री ढिगावर सपाट अंथरली तर मधे डबकं साचतं आणि नेमकं शिवणीतून आत झिरपतं. मधोमध बांबू उभा करून तिला दोन्हीकडे उतार द्या, कडांना दगडांऐवजी मातीची पोती ठेवा, वाऱ्यात दगड सुटतात. सकाळी नऊला ऊन धरलं की ताडपत्री काढलीच पाहिजे. रात्रभराची वाफ आत कोंडली तर न भिजलेली कणसंही आतून गरम होऊन बुरसतात.

पेंढ्या भिजल्याच तर ओल्या पेंढ्यांची गंजी रचू नका. पाच-पाच पेंढ्या टेकवून बुचाड उभं करा, वारा खेळू द्या, दोन-तीन दिवसांनी पेंढीच्या गाठीजवळ हात घालून बघा. बाहेरून खडखडीत वाटणारी पेंढी बांधलेल्या जागी ओलसर निघते, आणि गंजीत बुरशी तिथूनच सुरू होते. धान्य साठवायला ओलावा १० ते १२ टक्के हवा. मापक नसेल तर दाणा दाताखाली धरा : कट्‌कन फुटला तर पोत्यात भरा, चेपला तर अजून दोन उन्हं द्या.

पावसानंतर आठवडाभरात ज्वारीच्या धसांना (कापणीनंतर उरलेल्या बुडख्यांना) हिरवे फुटवे येतात. शेरडं-मेंढरं आणि गाई त्यावर तुटून पडतात. या कोवळ्या फुटव्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं आणि त्यानं जनावराला किराळ लागते : पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, धाप लागते, अंग थरथरतं, जनावर अर्ध्या-एक तासातही दगावू शकतं. फुटवे कोवळे आहेत तोवर रानात चरायला सोडू नका. मेंढपाळांना बसवायचं असेल तर त्यांना आधी हे सांगा. लक्षणं दिसली तर घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर वाचतं.

बेदाण्याचं शेड ही या महिन्यातली सर्वांत जोखमीची जागा. एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षं लागतात, म्हणजे बिघडलेल्या एका किलोमागे चार किलो माल गेला. डिपिंगचं (घड बुडवायचं) द्रावण नेहमीचंच : एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मि.लि. इथाइल ओलिएट. त्यानं मण्यावरच्या मेणाच्या थराला सूक्ष्म भेगा पडतात, पाणी भराभर उडतं आणि माल दोन-अडीच आठवड्यांत वाळतो. ढगाळ हवेत हेच वाळणं लांबतं. वाळणं लांबलं की मण्यातली विकरं हिरव्या रंगाचा तांबूस करतात. डिपिंगनंतरचा पहिला आठवडा सर्वांत नाजूक, तेव्हा दोन दिवसांत हवामान खात्याचा नारंगी इशारा असेल तर नवी तोड थांबवा. घड वेलीवर धोक्यात असतातच, पण रॅकवर ओले घड ठेवून तो धोका दुप्पट करण्यात अर्थ नाही. मणी तडकले असतील तर कात्रीने काढून मगच घड बुडवा. एका सडक्या मण्याचा रस खालच्या रॅकवर गळत जातो.

शेडच्या प्लास्टिक पडद्यांबाबत एक चूक फार होते. पाऊस येण्याच्या धास्तीनं पडदे दुपारीच सोडतात आणि सकाळपर्यंत तसेच ठेवतात. आत दमटपणा कोंडतो, आणि न भिजलेला माल दमटपणानं काळवंडतो. पडदे वाऱ्याच्या बाजूचे आधी सोडा, पाऊस थांबला की विरुद्ध बाजूचे लगेच वर गुंडाळा, पंखे असतील तर रात्रीही चालू ठेवा. खालच्या दोन रॅकवर जमिनीचे शिंतोडे उडतात, म्हणून शेडभोवती चर हवाच.

डाळिंबाला गारांचा मार दिसतो त्याहून खोल जातो. गार लागलेल्या जागी साल फुटते आणि तेल्या रोगाचा जिवाणू तिथून आत शिरतो. पुढची ढगाळ, दमट हवा त्याला मानवतेच. गारपीट झाली तर पहिल्या २४ तासांत हे करा : मोडलेल्या फांद्या कात्रीने खालच्या निरोगी भागात सफाईनं कापा, कात्री दर झाडाला २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, पडलेली फळं-पानं गोळा करून बागेबाहेर पुरा किंवा जाळा (बांधावर ढीग घातला तर रोग बांधावरून परत येतो), आणि अर्धा टक्का बोर्डो फवारा.

बोर्डो करताना घाई होते आणि बागा करपतात. १०० लिटरसाठी ५०० ग्रॅम मोरचूद आणि ५०० ग्रॅम कळीचा चुना. मोरचूद फडक्यात बांधून प्लास्टिकच्या ड्रममध्ये ५० लिटर पाण्यात आदल्या रात्री टांगून ठेवा, आपोआप विरघळतो. लोखंडी भांडं नको. चुना वेगळा विझवून, गाळून ५० लिटर करा. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता, ढवळत राहा. आता घासून चकचकीत केलेलं विळ्याचं पातं त्यात मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, आणखी चुन्याची निवळी घाला, पातं स्वच्छ निघेपर्यंत. जुना, हवा लागलेला चुना कमजोर असतो, म्हणून तोलून घातला तरी ही परीक्षा सोडू नका. द्रावण त्याच दिवशी संपवा, दुसरं कोणतंही औषध मिसळू नका, भर उन्हात मारू नका. आंबे बहाराची (उन्हाळ्याच्या तोंडाला फुलणारी) बाग फुलात असेल तर आधी चार झाडांवर मारून दोन दिवस बघा. फळ तोडणीला आलेलं असेल तर डाग राहतो, हेही ध्यानात घ्या.

पाच-सात मि.मी. पावसावर ठिबक बंद करण्याची सवय डाळिंबात फळं तडकवते. एक मि.मी. पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी, ऐकायला भरपूर. पण तापलेल्या रानात एवढ्याशा पावसानं वरची दोन बोटं मातीच भिजते. ठिबकाखाली वीतभर खणून माती मुठीत दाबा. गोळा होत नसेल तर पाणी नेहमीसारखं द्या, होत असेल तर वेळ निम्मी करा. चार दिवस बंद आणि पाचव्या दिवशी सहा तास, असं करू नका.

द्राक्षाच्या तोड झालेल्या बागांत खरड छाटणी आता जवळ आली. छाटणीच्या ताज्या जखमांवर पाऊस पडला तर खोडावर आणि ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या फांद्यांवर) एक टक्का बोर्डो द्या.

कांद्याच्या निम्म्या माना मोडल्या की काढणीला हरकत नाही, पाणी त्याआधी दोन-तीन आठवडे तोडलेलं हवं. काढलेला कांदा वाफ्यात तीन-चार दिवस असा लावा की मागच्या ओळीची पात पुढच्या कांद्यावर येईल. मान इंचभर ठेवून कापा. कांद्याला लागून कापली की पाणी थेट आत जातं आणि चाळीत तोच कांदा आधी सडतो. रानात भिजलेला कांदा सावलीत पातळ पसरा, चाळीत भरू नका, लगेच विकायचा गट वेगळा ठेवा. उभ्या पिकात करपा दिसत असेल तर १० लिटरला २५ ग्रॅम मॅन्कोझेब आणि स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य). फवारणीनंतर २५ मि.मी.च्या वर पाऊस झाला तर ती बरीचशी धुऊन गेली असं समजा.

करमाळा, माढा, माळशिरसच्या केळीला पावसापेक्षा वारा भारी. घड असलेल्या झाडाला घडाच्या खाली पट्टी बांधून झुकावाच्या उलट बाजूच्या झाडाच्या बुंध्याशी ताण द्या. शेजारच्या झाडाच्या गळ्याला बांधलं तर दोन्ही एकदम आडवी होतात. कोसळलेल्या झाडाचे तयार घड दुसऱ्या दिवसापर्यंत उतरवा.

वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मोटरीच्या पेटीपासून, चिंचेखालून, ट्रॅक्टरवरून दूर व्हा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास रानात परतू नका. जनावरं झाडाखाली बांधू नका.

नुकसान झालं तर आवरायच्या आधी फोटो काढा : एक बांधावरून पूर्ण प्लॉटचा, एक जवळून, आणि फोनमधलं जीपीएस चालू ठेवून. फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण जादा हप्त्यानं वेगळं घेतलं असेल तरच मिळतं, आणि कळवायची मुदत ७२ तासांची असते. ज्वारी-कांद्याच्या विम्यात काय बसतं ते शासन निर्णयागणिक बदलतं, पावतीवर तपासा. सरकारी मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असल्याचा पंचनामा लागतो, तेव्हा तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायकांना (आता सहायक कृषी अधिकारी) त्याच दिवशी कळवा, आणि पंचनामा होईपर्यंत निदान एक कोपरा तसाच राहू द्या.

रिकाम्या रानात २०-२५ मि.मी. पडलं असेल तर वाफसा येताच नांगरट उरका. ढेकळं कमी निघतात, डिझेल वाचतं, आणि किडींचे कोष उलथून उन्हात पडतात.