मुलांच्या इंग्रजीसाठी घरची मराठी बंद करू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कितीतरी मुलं घरी मराठी बोलतात, गल्लीत कन्नड बोलतात आणि शाळेत इंग्रजीला भिडतात. मग कुणीतरी सल्ला देतं, "घरातही इंग्रजीच बोला." कृपा करून ऐकू नका. आईबाबांच्या अडखळत्या इंग्रजीपेक्षा त्यांची भरघोस मराठी मुलांच्या जास्त कामाची आहे.

सुरुवात धड्याच्या विषयापासून करा, पण मराठीत. पावसाचा धडा असेल तर आज्जीला भातलावणीबद्दल बोलू द्या: चिखलणी, तरवा, इरलं, बांध. चित्र मनात उभं राहिलं की इंग्रजी शब्दाला बसायला जागा मिळते, नाहीतर नुसतं पाठांतर होतं.

मग वाक्याकडे वळा. मुलं हमखास इथेच अडतात. मराठी आणि कन्नड दोन्हींत क्रियापद शेवटी येतं: 'मी आंबा खाते', 'नानु माविन हण्णु तिन्नुत्तेने'. इंग्रजीत ते मधे शिरतं: 'आय ईट अ मँगो'. प्रत्येक शब्दाची चिठ्ठी करा आणि तिन्ही भाषांतली वाक्यं मुलालाच जमिनीवर लावू द्या. तो छोटासा 'अ' इंग्रजीतच लागतो, म्हणून त्याची चिठ्ठी वेगळ्या रंगाची घ्या. मूल 'आय मँगो ईट' म्हणालं तर रागावू नका. 'येस, यू ईट अ मँगो' असं सहज म्हणा आणि गप्पा पुढे न्या. दिवसातून दहा मिनिटं पुरे, पण रोज.

उच्चारासाठी आरसा घ्या. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'वॉटर' म्हणताना ओठ गोल होतात. वाचनाला बिस्किटाचा पुडा किंवा दुकानाची पाटीही चालते.

शिक्षकांना एक विनंती. प्रश्न विचारल्यावर मुलांना आधी जोडीदाराशी मराठीत किंवा कन्नडमध्ये बोलू द्या, उत्तर नंतर इंग्रजीत घ्या. नवीन मूल बरेच दिवस गप्प बसलं, तरी ते ऐकत असतं. त्याला उभं करून बोलायला लावू नका. तोवर हो-नाही, बोट दाखवणं, चित्र काढणं याला उत्तर माना.

मात्र मूल घरच्या भाषेतही मागे पडत असेल, साधी सूचना पुनःपुन्हा सांगावी लागत असेल, तर 'तीन भाषांनी गोंधळलंय' म्हणून सोडून देऊ नका. आधी त्याचे कान तपासून घ्या.