यीस्ट इन्फेक्शन: आहार, घरगुती उपाय आणि औषध यांचा मेळ कसा घालावा

रात्री खाजेने जाग येते. लघवीला गेलं की आग होते. दिवसा चारचौघांत बसलेलं असताना पाय आवळून धरावे लागतात आणि कुणाला सांगायचीही सोय नसते. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. दही लावा, लसूण ठेवा, व्हिनेगरने धुवा, साखर बंद करा, असे सल्ले धडाधड समोर येतात. त्यातले काही कामाचे आहेत, काही निरुपयोगी, आणि दोन-तीन तर इजा करणारे. जी बाई आत्ता या त्रासात आहे तिला आज काय करायचं आणि काय टाळायचं हे नीट कळावं, म्हणून क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. योनीतल्या यीस्ट इन्फेक्शनचा अस्वच्छपणाशी संबंध नाही आणि हा गुप्तरोगही नाही. साधारण चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा होतो. लाज वाटून घेऊ नका.

आत नेमकं काय घडतं

कँडिडा अल्बिकन्स नावाची एक बुरशी, म्हणजेच हे यीस्ट, आपल्या तोंडात, आतड्यात आणि योनीत बहुतेक वेळा गुपचूप राहत असते. साधारण 10 ते 20 टक्के बायकांच्या योनीत ती कुठलाही त्रास न देता सापडते. तिच्या शेजारी लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू राहतात. ते लॅक्टिक ॲसिड तयार करतात आणि योनीचा पीएच 3.8 ते 4.5 च्या दरम्यान, म्हणजे आंबट ठेवतात. हा समतोल बिघडला की कँडिडा वाढू लागते. एरवी गोल असलेल्या तिच्या पेशींना लांब धागे फुटतात आणि ते योनीच्या अस्तरात शिरतात. हे धागे कँडिडालायसिन नावाचं विष सोडतात. शास्त्रज्ञांना त्याचा शोध 2016 साली लागला. अस्तराला इजा झाली की शरीर प्रतिकार करतं, आणि त्या भांडणाची सूज, लाली, खाज आपल्याला भोगावी लागते. म्हणूनच औषधाने बुरशी मरू लागली तरी खाज लगेच थांबत नाही, दोन-तीन दिवस रेंगाळते.

समतोल बिघडायची कारणं ठरलेली आहेत: नुकताच घेतलेला अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण, इस्ट्रोजेन जास्त असलेल्या गोळ्या, स्टेरॉइड, रोगप्रतिकारशक्ती कमी करणारे आजार आणि ताब्यात नसलेला मधुमेह. काही जणींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्रास वाढतो.

पहिली पायरी: हे यीस्टच आहे का?

सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून इथे जरा थांबते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, स्वतःच निदान करून दुकानातून यीस्टचं औषध घेणाऱ्या बायकांना तपासलं गेलं. त्यांच्यापैकी फक्त तिघींतल्या एकीलाच निव्वळ यीस्टचा संसर्ग होता. बाकीच्या जणी दुसऱ्याच कशावर तरी उपचार करत होत्या, किंवा त्यांना दोन संसर्ग एकदम झाले होते.

यीस्टचा स्राव कसा दिसतो? दूध फाटल्यावर चोथा जमतो ना, तसा पांढरा, घट्ट, गुठळ्या-गुठळ्यांचा. कधी पातळही असतो. त्याला वास जवळजवळ नसतोच. खाज मात्र असह्य असते, बाहेरची त्वचा लाल होते, सुजते, बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांवरून लघवी गेली की झोंबतं.

स्राव पातळ आणि राखाडी असेल, त्याला मासळीसारखा वास येत असेल आणि संबंधानंतर तो वाढत असेल, तर तो बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडून होणारा त्रास असण्याची शक्यता जास्त. पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या परजीवीचा असू शकतो. या दोन्हींची औषधं वेगळी आहेत आणि यीस्टची क्रीम त्यावर काहीही करत नाही. पाळी कायमची थांबल्यानंतर पहिल्यांदाच खाज सुटली असेल, तर यीस्ट सोडून कोरडेपणा किंवा त्वचेचा आजार तपासायला हवा.

दवाखान्यात हे पाच मिनिटांचं काम आहे. कापसाच्या काडीवर थोडा स्राव घेतात, काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. आपल्या पेशी विरघळून जातात, बुरशीचे धागे आणि त्यांना लगडलेले कळ्यांसारखे गोल दाणे स्पष्ट दिसतात. आयुष्यात पहिल्यांदाच त्रास होत असेल, तर ही तपासणी चुकवू नका.

आणि पुढीलपैकी काही असेल तर घरी वाट बघत बसू नका: ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा जखमा, पाळीशिवाय रक्त जाणं, गरोदरपण, मधुमेह, किंवा औषध घेऊनही आठवड्यात फरक न पडणं.

दुसरी पायरी: आज रात्रीचा त्रास कमी करा

रुमाल थंड पाण्यात भिजवून पिळा, त्यात बर्फाचे दोन-तीन तुकडे गुंडाळा आणि बाहेरच्या सुजलेल्या भागावर दहा मिनिटं धरा. बर्फ थेट त्वचेला लावू नका. किंवा टबमध्ये कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा. पाण्यात काहीही घालायची गरज नाही. नंतर टॉवेलने घासू नका, हलक्या हाताने टिपून घ्या. लघवी करताना वरून कोमट पाण्याची धार सोडली तर आग बरीच कमी होते. साबण, सुगंधी वाइप्स आणि इंटिमेट वॉश पूर्ण बंद. सुती, सैल चड्डी घाला आणि झोपताना ती नसली तरी चालेल. नखं कापून ठेवा, कारण झोपेत खाजवलं जातंच.

यातून आराम मिळतो, बुरशी मरत नाही. हा फरक लक्षात ठेवून पुढे वाचा.

तिसरी पायरी: औषध घ्या

नैसर्गिक उपायांवरच्या लेखात औषध कशाला, असं वाटेल. पण मला मनापासून वाटतं की इथे आडपडदा ठेवू नये. साध्या यीस्ट संसर्गावर क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी किंवा क्रीम, अथवा फ्लुकोनाझोलची 150 मिलिग्रॅमची तोंडाने घ्यायची एकच गोळी, या उपचारांनी बहुतेक बायका बऱ्या होतात. स्वयंपाकघरातल्या कुठल्याच पदार्थाने हे साधल्याचा भक्कम पुरावा नाही. दिवस गेलेले असतील तर तोंडाची गोळी टाळतात आणि योनीत ठेवायचं औषध सात दिवस देतात. फ्लुकोनाझोलचं रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनशी आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जमत नाही, म्हणून चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. तेलकट क्रीम आणि योनीत ठेवायच्या तेलकट गोळ्यांमुळे लेटेक्सचे कंडोम कमकुवत होतात, हेही माहीत असू द्या.

खाज थांबली म्हणून क्रीमचा कोर्स मध्येच सोडू नका.

चौथी पायरी: आहार

आधी गैरसमज बाजूला करू. 'कँडिडा डाएट' नावाने साखर, फळं, पाव, आंबवलेले पदार्थ सगळं तोडायला सांगतात. निरोगी बाईने गोड खाल्लं म्हणून योनीतली बुरशी वाढते, हे सिद्ध झालेलं नाही. पावातलं यीस्ट सॅकरोमायसिस जातीचं, ते वेगळं आणि भाजताना मरूनही जातं. सकाळी पाण्याच्या ग्लासात थुंकून कँडिडा ओळखायची चाचणीही सांगितली जाते. तिला काही आधार नाही, लाळेचे धागे खाली जातातच.

पण मधुमेह असेल तर साखरेचा संबंध अगदी खरा आहे. रक्तातली साखर चढली की लघवीत आणि स्रावातही साखर उतरते, बुरशीला आयतं खाद्य मिळतं आणि शरीराची झुंजायची ताकद कमी होते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या तर लघवीवाटेच साखर बाहेर टाकतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांना हा संसर्ग जास्त होतो. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोला. आणि मधुमेह माहीत नसताना त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर रक्त तपासून घ्या. उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) 6.5 टक्के किंवा त्याहून जास्त आली, तर तो मधुमेहाचा इशारा असतो. यीस्टच्या खाजेमुळे मधुमेह पहिल्यांदा लक्षात आला, असंही घडतं.

म्हणून ताटात काय असावं? गोड पेयं आणि मैद्याचे पदार्थ कमी, भाज्या, डाळी, अख्खी धान्यं जास्त, जेवणाच्या वेळा नियमित. साखर ताब्यात ठेवणारा साधा आहार, त्यापलीकडे काही नाही. फळं सोडू नका.

दह्याबद्दल सगळ्याच विचारतात. दह्यातले जिवाणू आणि योनीत वस्ती करणारे लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटससारखे जिवाणू बहुतांशी वेगवेगळे आहेत. 1992 सालच्या एका छोट्या अभ्यासात जिवंत जिवाणूंचं दही रोज खाणाऱ्या बायकांना संसर्ग कमी झाल्याचं दिसलं होतं. पण 2004 साली ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत, अँटिबायोटिकसोबत लॅक्टोबॅसिलस देऊनही यीस्टचा संसर्ग टळला नाही. औषधाच्या जोडीला प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणू, घेतल्याने थोडा फायदा दिसतो, तरी तो पुरावा कच्चा आहे. बिनसाखरेचं दही रोज वाटीभर जरूर खा, पोटाला चांगलंच आहे. औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

पाचवी पायरी: आत काय घालायचं नाही

इथे मी ठाम आहे: स्वयंपाकघरातलं काहीही योनीच्या आत नको.

लसणाच्या पाकळीने नाजूक अस्तर भाजतं. ऑस्ट्रेलियातच केलेल्या एका अभ्यासात तोंडाने लसणाच्या गोळ्या घेऊनही योनीतली बुरशी कमी झाली नव्हती. व्हिनेगरचा तर तर्कच जुळत नाही. यीस्टचा संसर्ग असताना योनीचा पीएच बहुधा आंबटच असतो आणि त्या आंबटपणात ही बुरशी खुशाल वाढते. वर आणखी आम्ल ओतलं की आधीच चिरलेल्या त्वचेची आग तेवढी वाढते. टी ट्री तेलाने ॲलर्जी येऊ शकते. पिचकारीने आत धुणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण राखण करणारे जिवाणूच वाहून जातात. योनी स्वतःला आतून स्वच्छ ठेवते, बाहेरून साधं पाणी पुरे.

खोबरेल तेल प्रयोगशाळेत कँडिडाला रोखतं, माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही. कोरड्या बाहेरच्या त्वचेवर थोडं लावलं तर हरकत नाही, पण कंडोम वापरत असाल तर टाळा. बोरिक ॲसिडची 600 मिलिग्रॅमची कॅप्सूल योनीत ठेवायला काही वेळा डॉक्टर सांगतात, विशेषतः नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या कँडिडा ग्लॅब्राटा या दुसऱ्या जातीसाठी. ती चुकून गिळली तर विषारी ठरते आणि गरोदरपणात चालत नाही. म्हणून सांगितल्याशिवाय हात लावू नका आणि मुलांपासून लांब ठेवा.

सहावी पायरी: पुन्हा पुन्हा होत असेल तर

ओले कपडे, पोहण्याचा किंवा व्यायामाचा पोशाख लगेच बदला. जोडीदाराला लक्षणं नसतील तर त्याला औषधाची गरज सहसा नसते. शिश्नाच्या टोकाला लाली, खाज असेल तर त्यानेही दाखवावं.

वर्षात तीन-चार वेळा त्रास झाला, तर एक वही ठेवा. तारीख, पाळीचा दिवस, त्याआधी घेतलेलं अँटिबायोटिक, कोणतं औषध घेतलं, किती दिवसांनी बरं वाटलं, एवढंच लिहा. ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि स्रावाचं कल्चर (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघणं) करायचं का, हे स्वतःहून विचारा, म्हणजे बुरशीची नेमकी जात कळते. अशा वेळी आधी संसर्ग पूर्ण आटोक्यात आणून मग आठवड्याला एक याप्रमाणे सहा महिने फ्लुकोनाझोल देतात. आठवड्याचा एक वार ठरवून घ्या आणि गोळी घेतली की त्याच वहीत खूण करा.