कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू नुसताच फिरतोय?

परदेशातल्या भाड्याच्या घरांत स्वयंपाकघरातली कपाटं बहुधा भुश्याच्या बोर्डाची असतात. भोकातला भुसा झडला की स्क्रू पकड सोडतो आणि दार लोंबतं. लांब स्क्रू मात्र अजिबात लावू नका. दार जेमतेम 18 मिलिमीटर जाड असतं, टोक समोरून बाहेर येतं.

स्क्रू काढा, भुसा झटका. लाकडी टूथपिक पांढऱ्या लाकडी गोंदात बुडवून भोकात ठासा, आणखी एकही शिरणार नाही इतक्या. वर आलेली टोकं कापा. दाराला खालून पुस्तकांचा आधार देऊन 24 तास थांबा. घाई केलीत तर ओला गोंद टूथपिकांसकट फिरतो. मग जुनाच स्क्रू हाताने आवळा. ड्रिलच्या जोराने भोक पुन्हा फाटतं.