कोल्हापूरचा पंचगंगेवरचा शिवाजी पूल नीट बघायचा असेल तर असं करा

गाडीवरनं जाताना पूल दिसत नाही भावांनो, त्यासाठी खाली उतरायला लागतंय. सकाळी पंचगंगा घाटावर जावा, उन्हाळ्यातच, पावसाळ्यात नको, कारण राजाराम बंधाऱ्यावर नदीचं पाणी 39 फुटाला गेलं की इशारा आणि 43 ला धोका पातळी, त्यावेळी निम्मं कोल्हापूर पाणी बघायलाच आलेलं असतंय.

आधी जुना दगडी पूल बघा, 1878 चा, ब्रिटिशांच्या काळातला. कमानीच्या मधोमध वरचा पाचरीसारखा दगड शोधा. वरनं जेवढं वजन येईल तेवढे दगड एकमेकांत घट्ट दाबले जातात, म्हणून लोखंडाशिवाय उभा राहतोय. मग सांधे बघा, कुठं पिंपळाचं रोप आलंय का, मुळं आत घुसली की दगड हलवतात (मला तर हे रोप दिसलं की उपटावंसं वाटतंय, पण तुम्ही चढू नका).

आता शेजारचा नवा काँक्रीटचा पूल. हा लई वर्षं रखडला, जवळची ब्रह्मपुरी टेकडी हे संरक्षित पुरातत्त्व स्थळ आणि कायद्यानं तिच्या 100 मीटरात बांधकाम बंद, म्हणून. 2 ऑगस्ट 2016 ला महाडचा सावित्री नदीवरचा असाच ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला तेव्हा इथं सगळ्यांच्या पोटात गोळा आलेला. नव्या पुलावर कडेनं चालताना दोन स्लॅबमधली फट बघा, उन्हात काँक्रीट फुगतं त्यासाठी ती सोडलेली असती, ट्रक गेला की तिथंच धडाड वाजतंय.